पक्ष्यांच्या पाण्याचं भांडं पुन्हापुन्हा हिरवं होतं, त्यात डासही होतात: कारणं आणि उपाय

भांडं घासलं, भरलं, आणि आठवडा उलटायच्या आत तळाशी पुन्हा हिरवा बुळबुळीत थर. वाकून पाहिलं तर पाण्यात अळ्या वळवळताहेत. मग कुणी तुरटी फिरवतं, कुणी तांब्याचं नाणं टाकतं, कुणी वरून तेलाचा थेंब सोडतं. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

बहुतेक अंगणांत याचं मूळ एकाच सवयीत असतं: भांडं रिकामं न करता वरून पाण्याची भर घालणं. दिसायला ही काटकसर. प्रत्यक्षात उन्हाने उडून जातं ते फक्त पाणी; विष्ठा, पिसांची भुकटी, धान्याचे कण, पाण्यातले क्षार सगळं खाली राहतं आणि प्रत्येक भरीबरोबर थोडं वाढतं. शेवाळाला लागणारं खत आपणच साठवत असतो.

डासांच्या बाबतीत ही सवय आणखी महाग पडते. दिवसा चावणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला एडिस डास अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो. ही अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. पाण्याची पातळी चढून ती बुडाली की फुटतात. पातळी उतरू द्यायची आणि मग भर घालायची, हा क्रम म्हणजे त्या अंड्यांना फुटायचा इशाराच. नुसतं पाणी ओतून देऊन पुन्हा भरल्यानेही काम होत नाही ते याचमुळे: अंडी भिंतीवरच राहतात. भिंत घासली तरच ती निघतात. रात्री चावणाऱ्या क्युलेक्स डासाची अंडी मात्र पाण्यावर तरंगतात, ती ओतलेल्या पाण्याबरोबर जातात.

आधी पाणी नीट बघा

थराच्या रंगावरून आणि जागेवरून बरंच कळतं.

पाणीच हिरवं, तळ मात्र दिसत नाही: तरंगतं शेवाळ. ऊन जास्त, पाणी शिळं. भांडं सावलीकडे सरकवणं आणि रोज पाणी बदलणं एवढ्याने बहुधा भागतं.

पाणी स्वच्छ, पण तळ आणि कडा हिरव्या, बोट लावलं की घसरतं: चिकटलेलं शेवाळ. ते ओतून जात नाही, घासावंच लागतं. खडबडीत सिमेंट आणि बिनलेपाच्या मातीच्या भांड्यात ते छिद्रांत शिरून बसतं, म्हणून तिथे लवकर परततं.

विटकरी किंवा रक्तासारखा लाल थर: पाहणारा दचकतो, पण हेही शेवाळच आहे, हिमॅटोकॉकस नावाचं. कडक ऊन लागलं किंवा पाणी आटत आलं की ते लाल पडतं आणि जाड कवचाच्या सुप्त पेशी करून बसतं. त्या पेशी कोरड्या होऊनही मरत नाहीत, धुळीबरोबर उडतात. त्यामुळे नुसतं उन्हात वाळवून हे जात नाही. कडक ब्रशने घासून ब्लीचच्या पाण्यात भिजवणं लागतं.

पाण्यावर पांढुरकी पिठासारखी साय: कबुतरं आणि होले आंघोळ करून गेले. त्यांच्या पिसांतून बारीक भुकटी सुटते. रोग नाही, पण पाणी त्याच दिवशी बदलायला हवं.

कडेला पांढरं कडक वलय: क्षार. वरून भर घातल्याची खूण.

तपकिरी, चहाच्या रंगाचं पाणी: पानं पडून कुजताहेत. रंगाने अपाय नाही, कुजण्याने आहे.

अळ्या असतील तर एक खूण पाहून ठेवा. सरळ, लांबट, डोकं खाली आणि शेपूट पृष्ठभागाला लावून लटकलेल्या त्या अळ्या. स्वल्पविरामासारखे वाकडे, डोक्याकडे जाड दिसतात ते कोष. कोष दिसू लागले म्हणजे डास उडायला साधारण दोन दिवस उरले; पाणी आत्ताच ओतायचं. ते गटारात किंवा साचलेल्या डबक्यात नको, कोरड्या मातीवर ओता. जमिनीत पाणी जिरलं की अळ्या संपतात.

घासण्याची पद्धत

साधारण ३० सेंमी व्यासाच्या आणि सरासरी ३ सेंमी पाणी मावणाऱ्या परळाचा हिशोब धरू. त्यात दोनेक लिटर पाणी असतं. रोज बदलायचं म्हणजे दोन लिटर, आणि जुनं पाणी कुंडीत ओतलं तर तेही वाया जात नाही.

एकच भांडं नको, सारख्या आकाराची दोन घ्या. या सगळ्या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना हीच. एक वापरात, दुसरं घासून उन्हात वाळत. वाळलेलं भांडं हाताशी असलं की घासायचा कंटाळा आड येत नाही, आणि प्रत्येक भांड्याला पुरते वाळायला एक-दोन दिवस मिळतात. साधं हिरवं शेवाळ आणि पाण्यातून पसरणारे काही रोगजंतू या वाळण्यानेच मरतात.

रोजच्या फेरीत पाणी ओता, कोरड्या काथ्याने किंवा ताठ ब्रशने आतली भिंत आणि कडेचा वरचा काठ फिरवून घासा, एकदा विसळा, भरा. दोन मिनिटांचं काम. घासताना सगळे तळाकडे लक्ष देतात. एडिसची अंडी असतात ती पाण्याच्या रेषेवर, म्हणून हात तिथे जास्त फिरवा. साबण टाळा. त्याचा अंश राहिला तर पिसांवरचं नैसर्गिक तेल धुतलं जातं आणि पिसं पाणी धरू लागतात.

आठवड्यातून एकदा, किंवा थर दिसला की लगेच, खोल सफाई:

१. भांडं रिकामं करून सगळी घाण आधी ब्रशने काढा. हा टप्पा गाळला तर पुढचा फुकट जातो, कारण शेवाळ आणि विष्ठा ब्लीचचा जोर मारतात.

२. ९ भाग पाण्यात १ भाग घरगुती ब्लीच. दोन लिटरच्या भांड्यासाठी १.८ लिटर पाणी आणि २०० मिली ब्लीच. हातमोजे घाला, काम उघड्यावर करा. मिश्रण काठापर्यंत यायला हवं.

३. १० ते १५ मिनिटं ठेवा. अधिक वेळाने अधिक फायदा होत नाही.

४. पुन्हा ब्रश मारा, मग वाहत्या पाण्याने वास पूर्ण जाईपर्यंत विसळा. बेडूक अंगाच्या कातडीतूनच पाणी घेतात, त्यामुळे जमिनीवर ठेवायच्या भांड्याला एक विसळणी जास्तच द्या.

५. पालथं न घालता आधी आतली बाजू उन्हाकडे करून वाळवा.

क्षारांच्या वलयावर व्हिनेगर चालतं: थोडं ओतून अर्धा तास ठेवा, मग घासा. मात्र सिमेंटच्या भांड्याला ते लावू नका, व्हिनेगर सिमेंट खातं. आणि व्हिनेगर व ब्लीच एकाच दिवशी एकाच भांड्यात कधीही नाही. दोन्ही मिसळले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

या भांड्याचा ब्रश वेगळा ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. पक्ष्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो.

जे उपाय करू नयेत

तेल किंवा रॉकेल पाण्यावर पसरलं की अळ्यांचा श्वास कोंडतो हे खरं. पण तेच तेल आंघोळ करणाऱ्या पक्ष्याच्या पिसांना लागतं, पिसं चिकटतात, ऊब टिकत नाही. मोरचूद शेवाळ मारतं आणि बेडूक-माशांनाही मारतं. पिण्याच्या भांड्यात त्याला जागा नाही. तांब्याच्या नाण्याने हिरवा थर थांबत नाही, उगीच भरवसा मात्र वाटतो. गप्पी मासे टाकायचा सल्ला मिळतो. ३ सेंमी पाणी दुपारी तापतं, मासे त्यात टिकत नाहीत, आणि उरलेले कुणी ओढ्यात सोडले तर तिथल्या जिवांना त्रास. साखर, हळद, मीठ, जीवनसत्त्वं यांतलं काहीही पाण्यात घालू नये. साखरेने तर पाणी आंबतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन पक्ष्यांना बाधत नाही, त्यासाठी पाणी शिळं करत ठेवायची गरज नाही.

अळीनाशक वापरायचंच झालं तर बीटीआय हा जिवाणू-आधारित प्रकार पक्ष्यांना सुरक्षित मानला जातो. अळी तो खाते आणि मरते. कोष काही खातच नाहीत, म्हणून त्यांच्यावर परिणाम शून्य. मोठ्या, सहज ओतता न येणाऱ्या टाक्याला हे ठीक. परळासाठी औषध म्हणजे आळसाची किंमत, ओतणं आणि घासणं त्याहून सोपं आहे.

सौरपंपाच्या कारंज्याबद्दल एक गैरसमज आहे. हलत्या पाण्यात डास अंडी घालायला नाखूश असतात, पण सौरपंप चालतो उन्हात आणि क्युलेक्स अंडी घालतो रात्री. बॅटरी नसेल तर तो पंप पक्ष्यांना आकर्षित करेल, डासांपासून वाचवणार नाही.

घासूनही आठ दिवसांत हिरवं होत असेल तर

मग दोष जागेचा. वर बघा. भांड्यावर फांदी, तार किंवा पत्र्याची कड असेल तर बसलेले पक्षी थेट पाण्यात शिटतात. सावलीसाठी झाडाखाली ठेवलेलं भांडं बहुतेक वेळा यातच सापडतं: ऊन कमी, पण विष्ठा आणि पानं दुप्पट. त्यापेक्षा भिंतीची किंवा झुडपाच्या बाजूची सावली शोधा. सकाळी कोवळं ऊन आणि दहानंतर सावली अशी जागा उत्तम.

दाणे ठेवत असाल तर ते भांड्यापासून किमान तीन मीटर दूर. जवळ ठेवले की टरफलं आणि भिजलेलं धान्य तळाशी जातं आणि दुपारपर्यंत पाण्याला वास येतो. कावळे मात्र कितीही अंतर ठेवलं तरी वाळके तुकडे, हाडं आणून पाण्यात भिजवणारच; त्यांचा स्वभाव तो. त्यांच्यासाठी थोडं मोठं, जड भांडं वेगळं ठेवा आणि छोट्यांचं परळ उथळ राहू द्या. कबुतरांची झुंबड होत असेल तर छोटं, टांगलेलं, अरुंद काठाचं भांडं लावा. जड पक्ष्यांना टेकायला जागा कमी पडते, लहान पक्ष्यांना पुरते.

भांड्याचा माल हाही प्रश्न आहे. धातूचं दुपारी चटके देतं. प्लॅस्टिक हलकं, निसरडं आणि उन्हाने तडकणारं. बिनलेपाच्या मातीचं परळ पाणी गार ठेवतं, पण शेवाळ धरतं. चकचकीत लेपाचं भांडं पटकन स्वच्छ होतं, मात्र पाय घसरतात. त्यात एक सपाट खरबरीत दगड ठेवला की जमतं, आणि तो दगडही घासायचा असतो हे विसरलं जातं. निवड करायचीच तर दोन मातीची परळं, आलटून-पालटून.

भांडं स्वच्छ आहे, पण पक्षी येत नाहीत

पहिला संशय खोलीवर घ्या. काठाशी १ ते २ सेंमी आणि मध्यभागी जास्तीत जास्त ५ सेंमी. बादली किंवा कढईसारखं खोल भांडं लहान पक्षी टाळतात, आणि खार, सरडा, पिल्लू त्यात पडलं तर बाहेर येता येत नाही. खोल भांडंच असेल तर काठापर्यंत पोचणारा तिरका दगड किंवा खरबरीत फांदी आत टेकवा.

दुसरा संशय मांजरावर. भिजलेला पक्षी जड असतो, चटकन उडत नाही. दाट झुडूप भांड्याला चिकटून असेल तर मांजर तिथेच दबा धरतं. आसपास काहीच नसेल तर पक्ष्यांना ससाण्याची भीती. म्हणून झुडपापासून २ ते ३ मीटर. मांजराची ये-जा असेल तर भांडं गुळगुळीत खांबावर उंच न्या.

तिसरा, काच. खिडकीत आकाश दिसतं आणि घाबरून उडालेला पक्षी तिच्यावर आदळतो. भांडं खिडकीपासून एक मीटरच्या आत ठेवा, म्हणजे वेग पकडायला जागा नसते, किंवा दहा मीटरपलीकडे. मधलं अंतर वाईट. काचेवर खुणा करायच्या तर बाहेरच्या बाजूने आणि ५ सेंमी अंतराने. एकटं ससाण्याचं चित्र चिकटवून काही होत नाही.

हे सगळं बरोबर असेल तर थांबा आणि जागा बदलू नका. नव्या वस्तूची ओळख व्हायला कधी दिवस, कधी आठवडे लागतात. घाई असेल तर थेंब पाडा: टपकणाऱ्या पाण्याचा आवाज पक्षी लांबून ओळखतात. न वापरलेली सलाईनची नळी, वर टांगलेली बाटली, आणि चाकाने सेकंदाला एक थेंब. साध्या नळीत सुमारे २० थेंबांचं १ मिली होतं, म्हणजे तासाला १८० मिली. लिटरभर पाणी साडेपाच तास पुरतं. सकाळी सहाला लावलं की भर उन्हापर्यंत चालतं.

मधमाश्यांनी भांडं व्यापलं

हा खास उन्हाळ्याचा प्रश्न. पोळं गार ठेवायला मधमाश्यांना भरपूर पाणी लागतं, आणि एकदा जागा सापडली की त्या एकमेकींना कळवतात. हाकलून उपयोग नाही. काही मीटरवर, उन्हात, त्यांचं वेगळं ताट ठेवा: खडे भरून, पाणी खड्यांच्या माथ्याच्या खाली. त्या खड्यांवर उभ्या राहून पितात, बुडत नाहीत. मग पक्ष्यांचं भांडं दोन-तीन दिवस सकाळी उशिरापर्यंत रिकामं ठेवा आणि मधमाश्यांचं ताट मात्र एकदाही कोरडं पडू देऊ नका. ते एकदा जरी आटलं तर सगळा थवा परत परळावर येतो.

ऋतू बदलला की वेळापत्रक बदलतं

उन्हाळ्यात पाणी रोज बदला, कडक दुपारी दोनदा. उष्ण हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे रोज घासणाऱ्याकडे डास होणं शक्यच नाही.

पावसाळ्यात गडबड होते ती दुर्लक्षाने. पाऊस भांडं आपोआप भरतो, आपण तिकडे बघत नाही, आणि डासांना हवं तेच घडतं. पक्ष्यांना तेव्हा पाणी सगळीकडे मिळतं. तीन दिवसांतून एकदा घासणं जमणार नसेल तर परळ सरळ पालथं घाला. त्यात पक्ष्यांचं काही नुकसान नाही. भांडं चालू ठेवायचं तर जमिनीपासून उचला, चिखलाचे शिंतोडे कमी होतात. डास कमी होत नसतील तर परळाला दोष देण्याआधी कुंड्यांखालच्या ताटल्या, पन्हळी आणि पडलेले डबे तपासा.

थंडीत शेवाळ मंदावतं, दोन-तीन दिवसांनी घासलं तरी चालतं. पण पाणी बंद करू नका: पिसं धुतलेली असली तरच ऊब धरतात. पाणी गोठतं अशा ठिकाणी सकाळी कोमट पाणी घाला, उकळतं नको. मीठ, ग्लिसरीन किंवा गाडीतलं गोठणरोधक द्रव्य अजिबात नाही. ते द्रव्य जीव घेतं. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणून मातीचं परळ रात्री रिकामं करून आत घ्या, नाहीतर तडकतं.

भांडं ताबडतोब काढायचं तेव्हा

पिसं फुगवून भर दुपारी एकाच जागी बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा, चोचीभोवती ओला चिकटा असलेला पक्षी दिसला, किंवा पायांवर-चेहऱ्यावर मस्सेदार गाठी दिसल्या, तर पाणी आणि दाणे दोन्ही बंद करा. कबुतरं, होले आणि दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांतला ट्रायकोमोनास हा परजीवी उष्ट्या पाण्या-दाण्यांतून पसरतो, आणि तो कोरडेपणात जगत नाही. गाठींचा देवी रोग डासांमधूनही पसरतो. भांडी ब्लीचने धुऊन निदान दोन आठवडे कोरडी ठेवा, म्हणजे थवा पांगतो. मेलेला पक्षी उघड्या हाताने उचलू नका; एकाहून अधिक सापडले तर जवळच्या पशुवैद्यकीय विभागाला कळवा.

बाहेरगावी जाताना दोन्ही परळं घासून पालथी ठेवा. ऐन उन्हाळ्यात शेजाऱ्यांवर सोपवणार असाल तर त्यांना "पाणी घाला" असं सांगू नका, "ओतून, घासून मग भरा" असं सांगा, आणि ब्रश भांड्याशेजारीच ठेवून जा.